शिवारातला कारवानी शोच्या रिंगणात

कारवानी कुत्र्याची पारख आजवर शिवारातच होत आली. लातूर, सोलापूर, जत आणि सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोट भागात हा लांबट तोंडाचा, बारीक कमरेचा, उंच पायांचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. रात्री वस्तीवर कोणी आलं तर ते माणसाआधी त्याला कळतं. पिकात शिरलेलं जनावर त्याला लांबून दिसतं, आणि एकदा दिसलं की तो थांबत नाही. पिल्लू घेणारा जाणता शेतकरी कागदपत्रं मागत नाही. तो पिल्लाची छाती किती खोल आहे ते बघतो, पंजा दाबून पाहतो, आईबाप धावायला कसे आहेत याची चौकशी करतो आणि मगच पैसे मोजतो.

शहरातल्या डॉग शोमध्ये परीक्षकही साधारण हेच बघतो. कन्फॉर्मेशन शो म्हणजे शरीररचनेची स्पर्धा. इथे कुत्र्याला उड्या मारायच्या नसतात की चोर पकडून दाखवायचा नसतो. प्रत्येक जातीचं एक लिखित मानक असतं. उंची किती, डोकं कसं, डोळे कसे, पाठ, शेपूट आणि चाल कशी, हे सगळं त्यात नमूद केलेलं असतं. रिंगणात आलेल्या कुत्र्यांपैकी या मानकाच्या सर्वांत जवळ कोण जातं, हे परीक्षक ठरवतो. मग शेतावर राखण करणाऱ्या वर्षा-सव्वा वर्षाच्या तरण्या कारवानीला तिथे न्यावं का? जरूर न्यावं. हौस म्हणून न्यावं, आणि फक्त हौस म्हणूनच न्यावं. ही अट घालावी लागते, त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली तीच मुळी कामाच्या कुत्र्यांपासून. आधुनिक पद्धतीचा पहिला शो जून १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल अपॉन टाइन इथे भरला. त्यात साठेक कुत्री होती आणि ती सगळी पॉइंटर किंवा सेटर, म्हणजे बंदूकवाल्या शिकाऱ्याला झुडपातले पक्षी दाखवून देणाऱ्या जातींची. बक्षीस होतं बंदूक. लंडनमध्ये द केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला. अमेरिकेतला वेस्टमिन्स्टरचा शो १८७७ मध्ये सुरू झाला, तोही पॉइंटर-सेटर बाळगणाऱ्या शिकारी मंडळींच्या हौसेतून. आठवडाभर रानात राबणारी कुत्री एक दिवस एका जागी आणायची, कोणाची बांधणी चांगली ते बघायचं आणि पुढच्या विणीसाठी जोड ठरवायची, एवढाच मूळ हेतू होता.

जर्मन शेफर्डची गोष्ट तर शोमधूनच सुरू होते. घोडदळातले अधिकारी माक्स फॉन स्टेफानित्स यांना मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून एक उत्तम कामाची जात घडवायची होती. ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूह इथल्या प्रदर्शनात त्यांना लांडग्यासारखा दिसणारा एक कुत्रा भेटला. अंगाने घट्ट, डोक्याने शांत आणि मेंढ्या वळायचा उपजत गुण असलेला. त्यांनी तो तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्डची संघटना उभी केली. आज जगभर पोलिसांच्या आणि सैन्याच्या पथकांत दिसणाऱ्या जर्मन शेफर्डांची वंशावळ या होरांडपाशी पोचते. शो आणि काम यांचं मुळातच वैर आहे असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा.

वैर पुढे आलं. रिंगणात जिंकलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना भाव मिळू लागला, तसं पैदास करणाऱ्यांचं लक्ष रानावरून उडालं आणि फितीवर खिळलं. परीक्षकाला लांब केस आवडतात असं दिसलं की पुढच्या पिढीत केस आणखी लांब झाले. उतरती पाठ देखणी ठरली की पाठ आणखी उतरली. जर्मन शेफर्ड ही जात ज्यांनी घडवली त्या स्टेफानित्स यांचा आग्रह उपयुक्ततेचा होता, पण २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स या शोमध्ये आपल्या जातीत पहिल्या आलेल्या जर्मन शेफर्ड कुत्रीची पाठ इतकी उतरती होती आणि चाल इतकी अडखळती होती, की टीव्हीवर ती पाहून ब्रिटनभर लोक भडकले. त्यानंतर द केनेल क्लबला मानकात भर घालावी लागली. कुत्र्याला आधाराशिवाय, आरामात आणि शांतपणे उभं राहता आलं पाहिजे, हे लिहून ठेवायची वेळ आली यातच सगळं आलं.

मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीच्या माणसांनी हा धोका आधीच ओळखला होता. त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९०६ पासून मेंढ्यांवरच्या चाचण्या घेत आली, आणि तिथे कुत्र्याचं रूप कोणी विचारत नव्हतं. काळा-पांढरा असो की तांबूस, एक कान उभा असो की दोन्ही पडलेले, मेंढ्या वळल्या म्हणजे झालं. ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये ही जात शोच्या रिंगणात आली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये तिला मान्यता दिली, तेव्हा तर काम करणाऱ्या कॉलीच्या संघटनांनी उघड विरोध केला होता. आज एकाच नावाखाली दोन वेगळ्या घडणीची कुत्री दिसतात. एक डोंगरावर मेंढ्यांमागे धावणारं, सडपातळ. दुसरं झुबकेदार अंगाचं, रिंगणातलं.

यावर तोडगेही निघाले. ब्रिटनमध्ये शिकारी जातीचा कुत्रा नुसता रिंगणात जिंकला तर त्याला शो चॅम्पियन म्हणतात. पूर्ण चॅम्पियन ही पदवी हवी असेल तर त्याला रानातल्या कामाची चाचणी पार करावी लागते. बॉर्डर कॉलीलाही हाच नियम आहे. आंतरराष्ट्रीय केनेल महासंघाच्या शोमध्ये कामाच्या कुत्र्यांसाठी वेगळा वर्ग असतो आणि त्यात उतरायला कामाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. जॅक रसेल टेरियर हा बिळात शिरून कोल्ह्याला भिडणारा कुत्रा. त्याच्या अमेरिकेतल्या मूळ क्लबच्या मानकानुसार, कामात झालेल्या जखमांचे वण असले म्हणून गुण कापायचे नाहीत, फक्त त्यामुळे चालीत किंवा कामात अडथळा येता कामा नये. फाटका कान हा दोष नाही, हे कागदावर असणं कामाच्या कुत्र्यासाठी मोठी गोष्ट आहे.

कारवानीकडे हा इतिहास लक्षात ठेवूनच पाहावं लागतं, कारण हा कुत्रा आज नेमका त्याच वळणावर उभा आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून ते नाव. लातूरकडे याच कुळातल्या, कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात. टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातलं एक मुधोळचं होतं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. नाव झालं की मागणी वाढते, मागणी वाढली की पिल्लांचा बाजार उभा राहतो, आणि बाजारात नुसतं रूप विकलं जातं.

त्यात त्याचं जुनं कामही आटलं आहे. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. वास घेत मागे जाणारा नव्हे, तर डोळ्यांनी हेरून वेगाने गाठणारा. ससा आणि कोल्हा हे त्याचं पारंपरिक लक्ष्य. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कुत्रा लावून सशाची शिकार करणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहायला हवा. उरली ती राखण. पीक, गोठा आणि वस्ती यांची. तरण्या कारवानीला राखणीच्या पलीकडे काही उद्योग, माणसांत मिसळायची काही संधी हवी असते. शो ती देऊ शकतो.

अडचण एकच, पण मोठी. कारवानीला परक्या माणसाने अंगाला हात लावलेला चालत नाही. हा भित्रेपणा नाही, जातीचा स्वभाव आहे. तो घरच्या दोन-चार माणसांचा असतो आणि बाकीच्यांपासून चार हात लांब राहतो. रिंगणात मात्र परीक्षक ओठ वर करून दात बघणार, खांद्यावरून पाठीवर हात फिरवणार, मांड्या चाचपणार. कुत्रा नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरले आहेत का, हेही बघणार, कारण शोचा मूळ उद्देश पैदाशीला लायक जनावर निवडणं हाच आहे.

म्हणून तयारी घरी, आणि लवकर. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, त्याची भीती पुढे त्याला सहसा राहत नाही. याच काळात लसीकरण अपुरं असतं, त्यामुळे पिल्लाला कुत्र्यांच्या गर्दीत नेणं धोक्याचं. पार्व्हो या आजाराचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला बाहेर नेण्याऐवजी माणसं पिल्लाकडे आणावीत. शेजारी, पोस्टमन, चष्मा लावणारे काका, डोक्यावर पदर घेतलेली आजी, शाळेतली पोरं, अशा दहा जणांनी आठवड्यातून एकदा पिल्लाचा ओठ हलकेच उचलावा, पाय हातात घ्यावा, कान बघावा आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा द्यावा. एका वेळी पाच मिनिटं पुरे. पिल्लू मान मागे ओढायला लागलं की तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. धरून ठेवलेलं पिल्लू शिकतं ते एवढंच, की परका हात आला की सुटका नाही.

उभं राहणं हा दुसरा धडा. चारही पाय जमिनीला सरळ, मागचे पाय किंचित मागे, मान वर आणि नजर समोर. कारवानी तसाही लांबवर काही दिसलं की असाच ताठ उभा राहतो, त्यामुळे त्याला ठोकूनठाकून उभं करावं लागत नाही. समोर काहीतरी दाखवलं की काम होतं. तिसरा धडा चालीचा, आणि शेतातल्या कुत्र्याला तोच सगळ्यात अवघड जातो. त्याला एक तर रमतगमत फिरायचं ठाऊक, नाहीतर चौखूर सुटायचं. रिंगणात हवी असते दुडकी चाल. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकाच वेळी, मग उलट. परीक्षकाला हीच चाल लागते, कारण तिच्यात काही लपत नाही. कोपर बाहेर पडतंय, मागचा पाय आत वळतोय, एका बाजूला लंगड आहे, हे भरधाव पळताना दिसत नाही, पण दुडक्या चालीत लगेच उघडं पडतं. ती शिकवायची तर जाड साखळी बाजूला ठेवून हलकी दोरी घ्यावी, कुत्रा डाव्या बाजूला ठेवावा आणि बांधाच्या कडेने माणसाने त्याच्यासोबत पळत सुटावं. दोरी सैल राहिली पाहिजे. ओढली की मान वाकडी होते आणि चाल बिघडते.

एक चूक ग्रामीण भागात सर्रास होते, ती इथे सांगायलाच हवी. दमसास वाढावा म्हणून कोवळ्या कुत्र्याला मोटरसायकलमागे बांधून डांबरी रस्त्यावर पळवतात. मोठ्या जातींच्या कुत्र्यांच्या हाडांची टोकं वर्ष-दीड वर्षापर्यंत पूर्ण जुळलेली नसतात. अशा वयात रोज कठीण रस्त्यावर पळवलं तर सांधे कायमचे अधू होऊ शकतात. शेतातल्या मऊ मातीत त्याला मोकळं, त्याच्या मर्जीने धावू द्यावं. त्याहून चांगला व्यायाम नाही.

शोच्या दिवशी प्रत्यक्ष रिंगणात जायचं ते जेमतेम काही मिनिटं. सकाळी नाव नोंदवलं की दंडावर बांधायला नंबर मिळतो. मग वाट बघणं, बराच वेळ. आजूबाजूला लॅब्रेडॉर, रॉटवायलर, केस फुगवलेले पूडल, ड्रायरचा आवाज. कारवानीला ना ड्रायर लागतो, ना कात्री. दोन दिवस आधी आंघोळ, कापलेली नखं, पुसलेले कान, एवढ्यावर तो तयार असतो. वयोगटाप्रमाणे पुकारा होतो. सगळी कुत्री एका ओळीत गोल फिरतात, मग एकेक पुढे येतं. परीक्षक आधी दोन पावलं लांब उभा राहून बाजूने बघतो. मग समोरून येतो, कुत्र्याला हात हुंगू देतो, ओठ उचलतो. वरचे दात खालच्या दातांवर नीट बसले आहेत का, ते बघतो. हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर. कारवानीच्या कातडीखाली फारशी चरबी नसते, त्यामुळे हाताला थेट स्नायू आणि हाड लागतं, कमरेशी मणके हाताला जाणवतात. ‘चालवा,’ असं म्हणताच हँडलर दोरी सैल सोडून पळतो, कुत्रा पाय उचलत हलक्या दुडक्या चालीने सरळ जातो आणि परत येतो. झालं.

प्रत्येक वयोगटाचा विजेता ठरतो, त्यातून सर्वोत्तम नर आणि मादी, मग जातीतला पहिला. पुढे तो गटात इतर जातींसमोर जातो, आणि गट जिंकला तर शोच्या अंतिम निवडीसाठी. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नजरेने शिकार करणाऱ्या जातींचा दहावा गट आहे. ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हाउंड त्यात येतात. या देखण्या मंडळींशेजारी आपला कारवानी रोडका वाटतो, आणि नवख्या मालकाला तिथेच मोह होतो. चार किलो वाढवू, जरा भरल्यासारखा दिसेल.

तो मोह टाळावा. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये क्रफ्ट्समध्ये नंबर मिळवलेल्या हजाराहून अधिक कुत्र्यांची छायाचित्रं तपासली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा कुत्री वाजवीपेक्षा जाड निघाली. पग आणि लॅब्रेडॉर त्यात पुढे होते. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. ज्वारीची भाकरी, ताक, अंडी, अधूनमधून मटणाचे तुकडे आणि दिवसभर शिवारात वावर, यातून जे अंग घडतं तेच त्याचं खरं अंग. जाणत्या परीक्षकाला ते कळतं. एखाद्याला नाही कळलं आणि फीत दुसऱ्याला गेली, तरी काही बिघडत नाही. एकाच कुत्र्याला या रविवारी पहिला आणि पुढच्या रविवारी चौथा क्रमांक मिळणं शोमध्ये नेहमीचं आहे, कारण मानक तेच असलं तरी ते वाचणारा डोळा बदलतो.

हौशी मालकाला शोमधून मिळतं ते वेगळंच. अनुभवी माणूस कुत्र्याचे गुणदोष तोंडावर सांगतो. आपला कुत्रा परक्या गर्दीत कसा वागतो ते कळतं, आणि हे पशुवैद्यकाच्या टेबलावर फार उपयोगी पडतं. सांगलीच्या माणसाला लातूरचा माणूस भेटतो, बाहेरचं रक्त कुठे चांगलं आहे ते समजतं. देशी जातींमध्ये नात्यातल्या नात्यात जोड लावण्याचं प्रमाण पाहता ही ओळखदेख मोलाची आहे. फक्त एक गोष्ट शोवर सोपवू नये, ती म्हणजे पैदाशीचा निर्णय. कुत्रा कामाला कसा आहे, डोक्याने शांत आहे का, ऊन-पाऊस सोसतो का, घरातल्या पोरांशी कसा वागतो, हे रिंगणात दिसत नाही. फीत मिळाली म्हणून जोड लावायची आणि फीत नाही म्हणून चांगला राखणदार वगळायचा, हीच चूक युरोपात शंभर वर्षं झाली आणि ती दुरुस्त करायला तिथल्या लोकांना आता कामाच्या चाचण्यांचे नियम करावे लागत आहेत.

शहरातला शो लांब वाटत असेल तर महाराष्ट्रात जवळचा मार्गही आहे. नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्राही असतो, आणि त्याच देवाच्या यात्रेत अश्व आणि कुक्कुट प्रदर्शनाबरोबर श्वान प्रदर्शनही असतं. तिथे ड्रायर नसतात, उंची केनेलवाले फारसे नसतात. शेतकरीच कुत्रा घेऊन येतो आणि भोवतीच्या गर्दीत निम्मे लोक कारवानी ओळखणारे असतात. तरण्या कुत्र्याच्या पहिल्या हजेरीसाठी याहून मोकळी जागा सापडणार नाही.

शहरांतल्या शोचा हंगाम साधारण हिवाळाभर असतो आणि नोंदणी काही आठवडे आधी बंद होते. ज्यांच्या वस्तीवर कारवानी किंवा पश्मीचं तरणं पिल्लू आहे, त्यांनी दिवाळीपूर्वीच जवळच्या केनेल क्लबकडे चौकशी करावी. वंशावळीचे कागद नसले तर देशी जातीच्या कुत्र्याची तपासून नोंदणी करता येते का, मायक्रोचिप कुठे बसवून मिळते, हेही तिथेच विचारावं. जाताना रेबीजसह सगळ्या लसींची वही, पाण्याचं भांडं, पहाटेच्या थंडीसाठी एक गोणपाट आणि उकडलेल्या कोंबडीची पुडी सोबत ठेवावी, आणि संध्याकाळी राखणीच्या वेळेपर्यंत कुत्रा शेतावर परत पोचेल असं बघावं.